पहिले दहा चालले, मग पन्नासांत अकरा बंद का पडले?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी आणि माझा भाऊ मिळून शीतगृहात ठेवायचा तापमान-नोंदक बनवतो. बोर्डाचं डिझाइन माझं, बाकीचा व्यवहार भाऊ बघतो. पहिले दहा नग मी स्वतः हाताने सोल्डर केले. ते एका ग्राहकाकडे वर्षभर बिनतक्रार चालले. त्यावरून त्याने १००० नगांची ऑर्डर देऊ केली. आम्ही आधी ५० नगांचा लॉट बाहेर असेंब्लीला दिला आणि त्यातले ११ नापास झाले. चार नग सुरूच होत नाहीत. मुख्य चिपवर बोटाने दाबलं की चालतात, बोट काढलं की बंद. तीन नगांत एक बारीक कपॅसिटर एका टोकावर उभा राहिलाय. दोन नग बॅटरीची टक्केवारी भलतीच दाखवतात. आणि दोन नग टेबलावर चांगले चालत होते, डब्यात बसवून स्क्रू आवळल्यावर गेले. असेंब्लीवाले म्हणतात डिझाइनमध्येच खोट आहे. भाऊ म्हणतो त्यांचं काम गचाळ आहे, दुसरा बघू. माझ्या हातचे दहाच्या दहा चालले, मग डिझाइन चुकलं कसं म्हणायचं? असेंब्लीवाला बदलावा का? आणि उरलेले ३९ चांगले नग ग्राहकाला पाठवले तर चालेल का? तो घाई करतोय. लेआउटच्या फाइल आणि नापास नगांचे फोटो सोबत जोडले आहेत.

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

असेंब्लीवाला आत्ता बदलू नका. पुढच्या लॉटनंतर बदलावासा वाटला तर जरूर बदला, पण आज बदललात तर हाच लेआउट आणि हीच सामानाची यादी नव्या माणसाच्या हातात पडेल, आणि त्याच्याकडेही असेच काही नग बंद पडतील. फोटो आणि लेआउट दोन्ही नीट पाहिलं. माझ्या मते अकरांपैकी बहुतेक नगांचं कारण लेआउटमध्ये किंवा यादीत आहे. असेंब्लीवाल्याचाही वाटा आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

त्याआधी एक काम आजच करा. ते ११ नग कुणालाही दुरुस्त करू देऊ नका. असेंब्लीवाले चांगुलपणाने म्हणतील, पाठवा, टच-अप करून देतो. नको. सोल्डरिंग आयर्न लागला की पुरावा गेला. प्रत्येक नगावर नंबर टाका, काय होतंय ते एका ओळीत लिहा, पॅनेलमध्ये (अनेक बोर्ड एकत्र जोडलेल्या मोठ्या तक्त्यात) तो कुठल्या जागी होता ते कळत असेल तर तेही लिहा, आणि अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. नापास नगांएवढी खरी माहिती तुम्हाला दुसरं कोणी देणार नाही.

आता एकेक बघू.

बोटाने दाबल्यावर चालणारे चार नग. दाबल्यावर चालतं याचा अर्थ चिप जिवंत आहे, जोड उघडा आहे. तुमची मुख्य चिप क्यूएफएन पॅकेजमधली आहे: पाय बाहेर नाहीत, कडेने पॅड आणि पोटाखाली एक मोठा पॅड. तुमच्या स्टेन्सिलच्या (पेस्ट छापायच्या भोकांच्या पत्र्याच्या) फाइलमध्ये पोटाखालचा पॅड अख्खाच्या अख्खा उघडा ठेवलाय. म्हणजे मधोमध सोल्डर पेस्टचा मोठा थर पडतो. रिफ्लो ओव्हनमध्ये (सगळे जोड एकदम वितळवणाऱ्या भट्टीत) तो वितळला की चिप त्यावर तरंगते, जराशी कलते, आणि एका कडेचे पॅड बोर्डाला टेकतच नाहीत. त्यात भर म्हणजे त्याच पॅडमध्ये तुम्ही नऊ उघडे व्हाया (बोर्डाच्या आरपार जाणारी, आतून तांबं चढवलेली भोकं) दिलेत. उष्णता खाली न्यायला ते हवेतच, पण उघडे असले तर वितळलेलं सोल्डर त्यांतून खालच्या बाजूला उतरतं. किती उतरेल ते दर नगाला वेगळं. म्हणून एका नगात चिप नीट बसते, दुसऱ्यात तरंगते, आणि पन्नासांत चारच बिघडतात. सगळे बिघडले असते तर तुम्हाला कारण पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

उपाय सरळ आहे. मधल्या पॅडवरचं स्टेन्सिलचं तोंड खिडकीच्या तावदानांसारखं लहान लहान चौकटींत तोडा, एकूण पेस्ट पॅडच्या क्षेत्रफळाच्या ५० ते ८० टक्क्यांत ठेवा. नेमका आकडा चिपच्या डेटाशीटमध्ये, शेवटच्या पानांवर, शिफारस केलेल्या लँड पॅटर्नच्या (बोर्डावरच्या पॅडच्या मांडणीच्या) शेजारी बहुधा दिलेला असतो. व्हाया ०.२ ते ०.३ मिमीचे ठेवा आणि शक्य असेल तर पीसीबीवाल्याकडून (कोरा बोर्ड बनवणाऱ्याकडून) भरून वरून तांब्याने बंद करून घ्या. ते महाग पडत असेल तर निदान पेस्टच्या चौकटी व्हायांवर येणार नाहीत अशा मांडा. आणि कडेचे पॅड चिपच्या बाहेर थोडे लांब ठेवा, म्हणजे सोल्डर वर चढलेलं कॅमेऱ्याला दिसतं.

तुमच्या हातच्या दहा नगांत हे का दिसलं नाही? कारण तुम्ही चिप हॉट एअरने बसवलीत, चिमट्याने हलकेच टोचून ती जागेवर सरकते का ते पाहिलंत, आणि मग भिंगाखाली चारी कडा आयर्नने पुन्हा फिरवल्यात. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण हाताने क्यूएफएन बसवणारे बहुतेक जण हेच करतात. तुमच्या डिझाइनचा एक भाग फाइलमध्ये होता आणि एक भाग तुमच्या बोटांत. असेंब्लीवाल्याला फाइल मिळाली, बोटं मिळाली नाहीत. तुमचा सगळा प्रश्न मला इथे दिसतो. «माझ्या हातचे दहा चालले» हे खरंच आहे, पण त्यावरून इतकंच कळतं की सर्किट बरोबर आहे. बोर्ड बनवण्याजोगा आहे की नाही हे कळायला तो अशा माणसाने बनवावा लागतो, ज्याला तुमच्या मनातलं काहीही ठाऊक नाही.

उभे राहिलेले कपॅसिटर हे याचंच दुसरं उदाहरण. याला लाइनवर टूमस्टोन म्हणतात. फोटोत तिन्ही नगांत तोच एक ०४०२ कपॅसिटर उभा आहे, म्हणजे १ मिमी लांब आणि अर्धा मिमी रुंद तुकडा. तिन्ही वेळा तोच, हे महत्त्वाचं. मशीनचा किंवा माणसाचा हलगर्जीपणा असता तर बहुधा वेगवेगळे भाग उभे राहिले असते. लेआउटमध्ये बघा: त्याचा एक पॅड बारीक ट्रॅकला जोडलाय आणि दुसरा थेट ग्राउंडच्या मोठ्या तांब्यात बुडालाय, मध्ये थर्मल रिलीफच्या काड्या (उष्णता पसरू न देणारे तांब्याचे बारीक पूल) नाहीत. शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळायला लागतं. ओव्हनमध्ये बारीक ट्रॅककडचा पॅड तिथे आधी पोचतो. मोठं तांबं उष्णता ओढून घेतं म्हणून दुसरा पॅड मागे राहतो. आधी वितळलेल्या सोल्डरच्या पृष्ठताणाने तो हलका तुकडा त्या बाजूला खेचला जातो आणि उभा राहतो. हाताने करताना तुम्ही दोन्ही टोकांना वेगवेगळा आयर्न लावता, ग्राउंडच्या टोकाला आपसूक जास्त वेळ धरता. ओव्हनला तसं करता येत नाही. दोन्ही पॅड सारख्या मापाचे करा, ग्राउंडकडे चार काड्या ठेवून जोडा, आणि बोर्डभर असे किती भाग आहेत ते डिझाइन रूल चेक (सॉफ्टवेअरमधली आपोआप तपासणी) लावून शोधा. मला एका नजरेत आणखी सहा दिसले. ते या वेळी वाचले, १००० मध्ये वाचतीलच असं नाही.

बॅटरीच्या टक्केवारीचा दोष यादीत आहे. तुमच्या बीओएममध्ये, म्हणजे सामानाच्या यादीत, व्होल्टेज डिव्हायडरच्या (बॅटरीचं व्होल्टेज चिपला मोजता येईल इतकं कमी करणाऱ्या जोडीच्या) दोन्ही रेझिस्टरसमोर फक्त «१०० के» लिहिलंय. टॉलरन्स (किंमत किती टक्के इकडेतिकडे चालेल) नाही, उत्पादकाचा पार्ट नंबर नाही. असेंब्लीवाल्याकडे ५ टक्क्यांचे होते, त्याने ते लावले, आणि त्यात त्याची चूक नाही. गणित करून बघा. दोन्ही रेझिस्टर विरुद्ध दिशेने पाच-पाच टक्के सरकले तर गुणोत्तर जवळपास ५ टक्क्यांनी चुकतं, म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलवर सुमारे ०.१८ व्होल्ट. लिथियम-आयन सेलचा बराचसा चार्ज सुमारे ३.६ ते ४.० व्होल्टच्या अरुंद पट्ट्यात संपतो. त्या पट्ट्यात ०.१८ म्हणजे अर्धी बॅटरी. १ टक्क्याचे रेझिस्टर लावले तर चूक ०.०४ व्होल्टच्या आत येते. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मायक्रोकंट्रोलरमधला अंतर्गत रेफरन्सही (ज्याच्याशी ताडून तो व्होल्टेज मोजतो) दर नगाला थोडा वेगळा असतो. टेस्ट जिगवर (बोर्ड बसवून तपासायच्या चौकटीवर) ठरलेलं व्होल्टेज द्या, चिपने काय वाचलं ते बघा, आणि दुरुस्तीचा गुणक त्याच नगाच्या मेमरीत लिहून टाका. काही सेकंदांचं काम आहे आणि त्याने दोन्ही चुका एकदम जातात.

यादीबद्दल थोडं अजून बोलायला हवं, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान इथूनच होतं आणि डिझाइनर तिच्याकडे सगळ्यात कमी बघतात. «१० मायक्रोफॅरड» असं लिहून कपॅसिटर मागवणं म्हणजे जवळजवळ काहीच न सांगणं. सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची क्षमता उतरते. ०६०३ मापाचा, ६.३ व्होल्ट रेटिंगचा १० मायक्रोफॅरड ५ व्होल्टवर निम्म्याहूनही खाली जाऊ शकतो. तुम्ही हाताने लावला तो कदाचित १६ व्होल्टचा होता. असेंब्लीवाल्याने लावला तो यादीत बसणारा ६.३ व्होल्टचा. दोन्हींवर छापलेलं काहीच नसतं, डोळ्यांना फरक कळत नाही, आणि रेडिओ (बिनतारी संदेश पाठवणारा भाग) सुरू होताना पुरवठा खाली बसला की नग अधूनमधून रिसेट होतो. असा दोष शोधण्यात आठवडे जातात. म्हणून प्रत्येक ओळीत उत्पादकाचं नाव, पूर्ण पार्ट नंबर, टॉलरन्स, व्होल्टेज, डायइलेक्ट्रिकचा (आतल्या विद्युतरोधक पदार्थाचा) प्रकार आणि पॅकेज लिहा. जिथे चालेल तिथे दोन पर्यायी पार्ट नंबर तुम्ही स्वतः तपासून द्या, आणि तळाशी स्पष्ट लिहा: «या यादीबाहेरचा कोणताही भाग लेखी विचारल्याशिवाय लावू नये.» २०२० नंतरच्या चिपटंचाईत ज्यांच्याकडे तपासलेले पर्याय होते त्यांच्या लाइन चालू राहिल्या. रेझिस्टर-कपॅसिटरला पर्याय मिळतोच. तुमची मुख्य चिप आणि तापमानाचा सेन्सर प्रत्येकी एकच कंपनी बनवते, त्यांना पर्याय नाही. उत्पादकाने त्यांच्यावर «नव्या डिझाइनसाठी शिफारस नाही» असा शेरा तर मारलेला नाही ना, ते १००० ची ऑर्डर पक्की करण्याआधी बघा.

आता डब्यात बसवल्यावर गेलेले दोन नग. अकरांत मला सगळ्यात जास्त काळजी यांची वाटते.

तुमच्या बोर्डाच्या डाव्या कडेला बॅटरीच्या ओळीवर एक १२०६ मापाचा, म्हणजे ०४०२ पेक्षा बराच मोठा, सिरॅमिक कपॅसिटर आहे. तो व्ही-कटपासून (पॅनेलमधून बोर्ड सुटे करायला पाडलेल्या खाचेपासून) जेमतेम दोन मिमीवर आहे, आणि त्याची लांबी कडेला काटकोनात आहे. तुमचे पहिले दहा बोर्ड सुटे कापून आले होते, पॅनेल नव्हतंच. या वेळी पॅनेल आलं आणि बहुधा कुणीतरी ते हाताने वाकवून मोडलं. बोर्ड वाकतो, सिरॅमिक वाकत नाही, ते चिरतं. चीर सोल्डरच्या टोकाजवळ खालून सुरू होते आणि तिरकी आत जाते; वरून भिंगातूनही दिसत नाही. त्या क्षणी नग चालतोच. मग डब्यातले चार खांब एका उंचीचे नसतील आणि स्क्रू आवळताना बोर्ड पुन्हा ताणला गेला की चिरेच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट होतो. मल्टिमीटर घ्या, बॅटरी काढा, त्या दोन नगांत या कपॅसिटरच्या दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा आणि चांगल्या नगाशी ताडून बघा. काही ओहमच आला तर कपॅसिटर जपून काढा आणि पुन्हा मोजा. बोर्डावरचा शॉर्ट गेला आणि सुटा कपॅसिटर शॉर्ट दाखवतोय, तर माझा अंदाज बरोबर आहे. तो बॅटरीच्या ओळीवर आहे हे विसरू नका. लिथियम सेल असा शॉर्ट झाला तर नग बंद पडण्यावरच भागेल असं नाही. ती जागा तापते, जळू शकते.

तो भाग कडेपासून निदान ५ मिमी आत घ्या. आत घेता येत नसेल तर लांबी कडेला समांतर करा, म्हणजे वाकण्याचा ताण त्याच्या लांबीवर येत नाही. १२०६ ऐवजी ०८०५ चालत असेल तर तो लावा, लहान तुकडा कमी चिरतो. बॅटरीच्या ओळीवर लवचीक टोकांचे कपॅसिटर मिळतात ते वापरा, किंवा दोन कपॅसिटर एकापाठोपाठ एक, एकमेकांना काटकोनात लावा, म्हणजे एक शॉर्ट झाला तरी दुसरा धरून राहतो. स्क्रूच्या भोकांभोवतीही हाच नियम. आणि असेंब्लीवाल्याला लेखी सांगा की पॅनेल हाताने मोडायचं नाही, ब्लेडच्या यंत्राने किंवा राउटरने (फिरत्या पात्याने कापणाऱ्या यंत्राने) सुटं करायचं. कसं मोडलं हे त्यांना विचाराच. «हाताने» असं उत्तर आलं तर तो त्यांचा वाटा आहे, आणि तो मी त्यांच्या पदरात टाकते. सिरॅमिक असलेले बोर्ड हाताने मोडू नयेत हे रोज असेंब्ली करणाऱ्याला ठाऊक असायला हवं. मधल्या पॅडची उघडी स्टेन्सिल बघूनही त्यांनी फोन केला नाही, हाही त्यांचाच वाटा.

पुढच्या लॉटच्या आधी त्यांच्यासमोर बसा आणि हे विचारा: माझ्या बोर्डावर थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून रिफ्लोचा प्रोफाइल (ओव्हनमध्ये बोर्डाचं तापमान कसं चढतं-उतरतं त्याचा आलेख) काढलात का? पेस्ट छापल्यावर तिची उंची तपासता का? क्यूएफएनखाली एक्स-रे कुठे मिळेल? ओलाव्याला संवेदनशील चिप पाकीट उघडल्यावर किती वेळ बाहेर राहतात याची नोंद ठेवता का? ओलाव्याच्या संवेदनशीलतेच्या तिसऱ्या पातळीच्या चिपला ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत १६८ तास मिळतात, त्यानंतर भाजून वाळवल्याशिवाय ओव्हनमध्ये घालायची नसते. या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारा आणि उलट तुमच्या लेआउटमधल्या चार चुका दाखवणारा असेंब्लीवाला असेल तर त्याला सोडू नका. तुमच्या भावालाही त्या बैठकीला न्या. दर आणि मुदत तोच ठरवतो, मग स्टेन्सिल नव्याने कापायला आणि राउटरने सुटं करायला जास्त का द्यायचं हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. उत्तरं टाळली गेली तर भावाचं म्हणणं बरोबर, दुसरा बघा.

टेस्टिंगबद्दल तुमच्या पत्रात एक शब्दही नाही, आणि लेआउटमध्ये टेस्ट पॉइंट (तपासणीची पिन टेकवायची तांब्याची टिकली) एकही नाही. पन्नास नग तुम्ही एकेक जोडून, चालू करून पाहिलेत असं दिसतं. हजारांना ते जमणार नाही. साधा हिशोब सांगते. तुमच्या बोर्डावर साधारण ४०० सोल्डरचे जोड आहेत. दहा हजार जोडांत एकच खराब निघतो असं धरलं, जे चांगलं काम म्हणायला हवं, तरी शंभरातले चार बोर्ड नापास होतात. हजारात चाळीस. सगळं नीट होऊनही. ते चाळीस तुमच्या टेबलावर सापडले पाहिजेत, ग्राहकाच्या शीतगृहात नाही.

बोर्डाच्या खालच्या बाजूला १ मिमीचे गोल टेस्ट पॉइंट द्या, एकमेकांपासून जमेल तिथे २.५४ मिमीवर: प्रत्येक पुरवठा, ग्राउंड, प्रोग्रामिंगच्या तारा, सेन्सरची बस, रिसेट, बॅटरीची मोजणी. जिगमध्ये पोगो पिन (स्प्रिंगवर दबणाऱ्या पिना), वर दाबायची पट्टी, बाजूला एक कंप्युटर. क्रम असा ठेवा की पॉवर देण्याआधी शॉर्ट तपासला जाईल. मग करंटला मर्यादा घालून पॉवर, मग पुरवठ्यांची व्होल्टेज, मग फर्मवेअर, मग सेन्सरचं वाचन, रेडिओची ताकद, शेवटी झोपेतला करंट. हा शेवटचा आकडा वगळू नका. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत झोपेतला करंट काही मायक्रोअँपिअरऐवजी पाचशे निघाला तर नग टेबलावर छान चालतो आणि शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा माल आत असताना महिन्या-दोन महिन्यांत मरतो. बोर्डावर सिरीयल नंबर असू द्या आणि प्रत्येक नगाचे सगळे आकडे त्या नंबरापुढे साठवा. नुसतं पास किंवा नापास लिहू नका. आकडे असले की पुढच्या लॉटमध्ये एखादी गोष्ट हळूहळू सरकतेय हे नापास व्हायच्या आधी दिसतं. आणि जिग तयार झाली की तिला जाणूनबुजून बिघडवलेले बोर्ड द्या: एक रेझिस्टर काढलेला, एक अँटेना तोडलेला, एक शॉर्ट केलेला. तिने ते पकडले तरच तिच्या «पास»वर विश्वास ठेवा.

शीतगृह म्हटल्यावर एक गोष्ट सुचवायलाच हवी. दार उघडलं की बोर्डावर दव धरतं. तुमचा बाहेरचा सेन्सर २५ अंशांना १० किलोओहमचा थर्मिस्टर (थंडी वाढली की रेझिस्टन्स वाढणारा भाग) आहे. उणे २० अंशांना तो लाख ओहमच्या आसपास जातो. फ्लक्सचा (सोल्डरिंगला वापरलेल्या रसायनाचा) राहिलेला थर आणि त्यावर दव मिळून त्याच्या दोन तारांमध्ये १ मेगाओहमची गळती झाली तर तापमान सुमारे दीड अंशाने जास्त दिसेल. तुम्ही मुळात तापमान विकताय, त्यामुळे दीड अंश ही लहान चूक नाही. तेवढा भाग धुवून घ्या आणि कॉन्फॉर्मल कोटिंग (पातळ संरक्षक लेप) द्या. कनेक्टर आणि टेस्ट पॉइंट झाकून. कोटिंग टेस्टिंगनंतर, आधी नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पटकन सांगते. पॅनेलवर आणि क्यूएफएनजवळ फिड्युशल (मशीनच्या कॅमेऱ्याला नेमकी जागा कळायच्या खुणा) नाहीत, ते द्या. डायोडची आणि बॅटरी कनेक्टरची दिशा सिल्कस्क्रीनवर (बोर्डावरच्या छापील अक्षरांत) अशी छापा की भाग बसल्यावरही दिसेल, आणि उलटा बसणारच नाही असा कनेक्टर निवडा. पिक अँड प्लेसच्या (भाग उचलून बोर्डावर ठेवणाऱ्या मशीनच्या) फाइलमधले कोन तुमच्या लायब्ररीतले आणि त्यांच्या मशीनमधले जुळतीलच असं नाही, म्हणून पिन १ दाखवणारं असेंब्ली ड्रॉइंग सोबत द्या. डब्याचे खांब एका उंचीचे करून घ्या. रेडिओसाठी तुम्ही प्रमाणित मॉड्यूल वापरलंय ते उत्तम, पण लागणाऱ्या चाचण्या दुरुस्त केलेल्या बोर्डावरच करून घ्या, जुन्यावर नाही.

ग्राहकाशी आजच बोला. सुधारलेल्या बोर्डाचे पुन्हा पन्नासच बनवा. लाइन सुरू झाल्यावर पहिले पाच बाहेर येतील तेव्हा तिथे स्वतः हजर राहा, भिंगाखाली बघा, जिगवर लावा, आणि मगच पुढचे चालू द्या. ते पन्नास ठीक निघाले तर दोनशे, त्याच लाइनवर, त्याच जिगवर, तुमचा हात न लागता. मग उरलेले. मुदत लांबेल. लांबणार आहे हे त्याला आत्ता कळलं तर तो त्याची सोय करू शकतो. पाठवलेल्या मालातून कळलं तर तो तुमच्याकडे परत येणार नाही. वर्षभर त्याने तुमचे दहा नग वापरलेत, तो ऐकून घेईल असं मला वाटतं.

राहिला ३९ नगांचा प्रश्न. पाठवू नका. तुम्ही त्यांना चांगले म्हणताय कारण ते आज चालतात. पण तेही तशाच पॅनेलमधून, त्याच पद्धतीने मोडून निघालेत, आणि त्यांतल्या किती जणांच्या बॅटरीच्या ओळीवरचा कपॅसिटर आतून चिरलाय हे बाहेरून सांगता येत नाही. बॅटरीच्या ओळीवरचा कपॅसिटर बदलूनही ते विकू नका, कारण क्यूएफएनखालचा जोड कसा धरलाय हेही माहीत नाही. त्यापेक्षा त्यांचा उपयोग करून घ्या: दहा-बारा नग फ्रीझरमधून बाहेर, बाहेरून फ्रीझरमध्ये असे रोज फिरवा आणि कोणता कधी जातो ते लिहून ठेवा, दोन नगांतली क्यूएफएन उचलून खाली सोल्डर कसं पसरलंय ते बघा, दोन-तीन जिग बनवायला ठेवा. बॅटऱ्या काढून घ्या, आणि प्रत्येकावर पक्क्या शाईने «विक्रीसाठी नाही» असं लिहा, भाऊ घाईत असला तरी चुकून खोक्यात जाणार नाहीत असं.